चौकडीचे लोकरी कापड आणि घरचे बेतकाम

सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या ज्या खोऱ्यांना मावळ हे जुने नाव आहे, त्यांपैकी मुळशीचे खोरे पावसासाठी विख्यात आहे, थंडीसाठी नव्हे. तथापि ज्याने पौष-माघातील एखादी पहाट पौडच्या पश्चिमेस, धरणाच्या जलाशयाकाठच्या गावात काढली असेल, त्याला तेथील गारठ्याचे वर्णन निराळे ऐकवावे लागत नाही. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मुळशीपेट्यातील मावळे १९२१ साली सत्याग्रहास उभे राहिले, त्या धरणाने आपल्या पोटात गावे आणि भातखाचरे घेतली आणि त्यांच्या जागी विस्तीर्ण पाणी पसरून ठेवले. त्या पाण्यावरून पहाटे सुटणारा दमट वारा सुती कापडाला जुमानत नाही. म्हणून घरात बसून हाताने शिवायच्या वस्त्रांत लोकरीच्या एखाद्या वस्त्राला या तालुक्यात जागा आहे, आणि पिरंगुटकडून घाटाकडे राहणाऱ्या कुटुंबांतील ज्या मुली आज हिंजवडीच्या वातानुकूलित कचेऱ्यांत आठ-नऊ तास बसतात, किंवा शिक्षणासाठी थंड देशांत जातात, त्यांच्या दृष्टीने तर चौकडीच्या लोकरी कापडाचा, गुडघ्याखाली येणारा, अस्तर लावलेला स्कर्ट हे वर्षानुवर्षे उपयोगी पडणारे वस्त्र आहे. ते बाजारातून आणता येते. परंतु घरी बेतून शिवलेल्या स्कर्टात जी काटेकोर जुळणी साधता येते, ती तयार मालात क्वचितच आढळते, आणि तसे का होते याचा उलगडा करणे हाच या प्रकरणाचा हेतू आहे.

या मुलखाला लोकर नवी नाही. आषाढाच्या संततधारेत भाताची लावणी करणारा मावळा इरले तरी घेई, नाही तर घोंगडीची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडी, आणि त्या एका वस्त्राच्या आश्रयाने दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून काम करी. ही घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या, बहुतांशी काळ्या लोकरीची. धनगर स्त्रियांनी कातलेली, सणगरांनी किंवा खुटेकर धनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. दिवाळीनंतर पूर्वेकडील कोरड्या मुलखातून कोकणात उतरणारे आणि पावसाळ्यापूर्वी घाटवाटांनी परत वर येणारे मेंढपाळ ज्या लोकरीचा पुरवठा करीत आले, तिला आज भाव राहिलेला नाही, कित्येकदा ती कातरून टाकून दिली जाते, ही गोष्ट मला अतिशय खेदाची वाटते. ती लोकर अंगालगतच्या वस्त्राला टोचते हे खरे. पण अस्तर लावलेल्या जाड स्कर्टाला, मऊ लोकरीशी मिसळून कातल्यास, तिचा उपयोग का होऊ नये, याचा विचार विणकरांनी आणि मेंढीविकासाच्या कामी नेमलेल्या सरकारी खात्यांनी मनावर घेऊन करावा असे आहे.

घोंगडीने पाऊस का अडतो आणि लोकरी स्कर्टाची घडी इस्त्रीने वर्षभर का टिकते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच तंतूच्या रचनेत आहे. लोकरीचा तंतू केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्याच्यावर बारीक खवल्यांचे आवरण असते. या आवरणावरून पाण्याचा थेंब ओघळून जातो, पण वाफ मात्र आत शिरते, आणि आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही, उलट बाष्प शोषता शोषता थोडीशी उष्णता बाहेर टाकते. ओलावा, उष्णता आणि घर्षण यांचा एकत्र मारा झाला की हे खवले एकमेकांत अडकून कापड आटते व दाट होते. घोंगडीच्या बाबतीत हा गुणच ठरतो. उलटपक्षी, घर्षण टाळून नुसती वाफ दिली, तर तंतूच्या आतील रेणूंना परस्परांशी जखडणारे हायड्रोजनचे बंध सैल पडतात, कापड हाताने द्याल तो आकार घेते, आणि थंड व कोरडे होताना ते बंध नव्या जागी पुन्हा जुळून तो आकार कायम राखतात. लोकरीच्या शिवणकामातील जवळजवळ प्रत्येक नियम या एका वस्तुस्थितीतून निघालेला आहे. आणि ज्याला ती नीट समजली, त्याला पुढील बरेचसे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

त्यातला पहिला नियम खास मुळशीकरांसाठी सांगण्यासारखा आहे, कारण पुण्या-मुंबईच्या शिवणवर्गात तो फारसा सांगितला जात नाही. लोकरी कापड दमट हवेत लांबी-रुंदीने किंचित वाढते आणि हवा कोरडी झाली की आक्रसते. ताम्हिणी घाटाच्या अलीकडे-पलीकडे श्रावणात जो दमटपणा असतो, त्यात भिंतीसुद्धा घामेजतात. अशा दिवसांत मोजून कापलेले कापड कार्तिकात अंगावर चढवले तर कंबर घट्ट आणि तळाची दुमड आखूड भासणारच. म्हणून लोकर बेतण्याचा हंगाम दसऱ्यानंतरचा. कापड आणल्यावर ते तसेच कात्रीखाली घेऊ नये. धुऊन पिळलेल्या सुती चादरीवर ते पसरून दोन्ही मिळून सैलसर गुंडाळी करावी, रात्रभर ठेवावी, सकाळी उलगडून सावलीत सपाट जागी वाळू द्यावे, आणि मग ओलसर फडके ठेवून उलट्या बाजूने वाफ द्यावी. जे आटायचे ते या वेळीच आटून जाते.

कापड विकत घेताना दोन परीक्षा अवश्य कराव्यात. पहिली लोकरीची: काठाचा एक धागा ओढून जाळला असता जळक्या केसांसारखा वास यावा आणि मागे राहिलेली राख चिमटीत चुरगळावी, कठीण मणी तयार झाला तर त्यात कृत्रिम धागा आहे असे समजावे. थोडी भेसळ स्कर्टाला अपायकारक नसते, फक्त वाफेची आज्ञा ती कमी पाळते. दुसरी परीक्षा चौकडीची, आणि हिच्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. खरी चौकडी विणलेली असते, छापलेली नव्हे. ताण्यात रंगांच्या धाग्यांचा जो अनुक्रम घातला, तोच किंवा त्याच्याशी मिळताजुळता अनुक्रम बाण्यात घातला, म्हणजे एकाच रंगाचे उभे-आडवे पट्टे परस्परांना छेदतात तेथे शुद्ध रंग आणि अन्यत्र मिश्र रंग उमटतो. अशा कापडात रेघ म्हणजे प्रत्यक्ष धागाच असल्यामुळे कापड कोठे तिरके ओढले गेले आहे ते नजरेला तात्काळ कळते. छापील चौकडीत रेघ एका दिशेला आणि धागा दुसऱ्या दिशेला असू शकतो. रेघ जुळवावी तर स्कर्ट अंगावर पिळतो, धागा सांभाळावा तर रेघ वाकडी दिसते, आणि यांतून सुटका नाही. तसले कापड घेऊच नये.

विणलेल्या चौकडीतही सम आणि विषम असे दोन प्रकार पडतात. चौकडीच्या मधोमध बिंदू धरून कापडाचा कोपरा कर्णरेषेवर दुमडावा. वरच्या पदरातील रेघा खालच्या पदरातील रेघांवर रंगाला रंग अशा बसल्या तर बहुधा ती सम चौकडी, आणि मग मधल्या उभ्या रेघेवर सरळ घडी घालून डावे-उजवे एकमेकांची प्रतिबिंबे आहेत की नाहीत हेही पाहून घ्यावे. विषम चौकडीत डावीकडून उजवीकडे जाणारा रंगक्रम उजवीकडून डावीकडे येणाऱ्या क्रमाहून भिन्न असतो. तिच्यापासून बेतलेले सर्व भाग एकाच दिशेने मांडावे लागतात, कापड अधिक लागते, आणि तिरक्या शिवणीवर रेघांचा कोन नीट साधत नाही. पहिल्या खेपेस शिवणाऱ्याने समच घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चौकडीची आवड कोणा एका देशाची मालमत्ता नाही. आपल्याकडे चौकड्यांची लुगडी आहेत, गोव्यातील कुणबी स्त्रियांच्या तांबड्या लुगड्यांवरची चौकड आहे, मद्रासचे परदेशी गेलेले चौकड्यांचे रुमाल आहेत. लोकरीतील चौकडी मात्र स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाशी निगडित झाली. तेथे फॉल्कर्क या गावी रोमन नाण्यांनी भरलेल्या मडक्याच्या तोंडाशी तिसऱ्या शतकातील लोकरी कापडाचा जो तुकडा सापडला, त्याची चौकडी मेंढीच्या नैसर्गिक रंगाच्या, न रंगवलेल्या दोन लोकरींनी विणलेली आहे. आपला घोंगडीवाला काळी आणि पांढरी लोकर आळीपाळीने घालून पट्टे काढतो त्याच युक्तीचा तो दूरचा सोयरा होय. १७४६ साली ब्रिटिश सरकारने डोंगराळ स्कॉटलंडातील पुरुषांना चौकडीचा पोशाख कायद्याने वर्ज्य केला. फक्त सरकारी पलटणींना मुभा राहिली, आणि १७८२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत चौकडी मुख्यत्वे पलटणींच्या आश्रयाने जगली. त्याच परंपरेतील ७४ आणि ७८ क्रमांकाच्या दोन हायलंडर पलटणी २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांसमोर उभ्या होत्या. पुढे स्कॉटलंडाबाहेरच्या मुलींच्या शाळांनी चौकडीचा स्कर्ट गणवेशात घेतला, आणि त्या वाटेने तो आपल्याकडेही आला.

आता फर्म्याविषयी. शिंप्याचा व्यवसाय आपल्याकडे किती जुना आहे हे सांगण्यास संत नामदेवांचे नाव पुरे. गज आणि कात्री ही शिंप्याची अवजारे त्यांच्या पदांतून भक्तीच्या भाषेत अवतरली आहेत. परंतु पिढीजात शिंपी फर्मा वापरत नसे. तो गिऱ्हाइकाचे माप घेई आणि खडूने थेट कापडावर आखी. कागदी फर्म्याने ही विद्या घराच्या उंबऱ्याआत आणली. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स प्रांतातला एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी फर्मे विकू लागला, आणि त्यापूर्वी वीस वर्षांच्या आत एलियास हाउ व आयझॅक सिंगर यांच्या शिवणयंत्रांना एकस्वे मिळालेली असल्यामुळे यंत्र व फर्मा यांची गाठ पडून घरगुती शिवणकामाचा सर्वत्र झपाट्याने प्रसार झाला. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून स्त्रियांसाठी जे वर्ग चालवले त्यांत शिवणकामाला मानाचे स्थान होते. निराधार स्त्रीला स्वतःच्या कमाईवर उभे करणारी ती विद्या होती, केवळ फावल्या वेळचा विरंगुळा नव्हता, आणि आजही तिच्याकडे त्याच आदराने पाहिले पाहिजे.

विकतचा फर्मा एका कल्पित सरासरी देहासाठी काढलेला असतो. तेव्हा प्रथम कंबर, नितंब आणि कमरेपासून हवी ती लांबी ही तीन मापे घ्यावीत, कमरेपासून नितंबाच्या सर्वांत रुंद भागापर्यंतचे अंतर चौथे घ्यावे, आणि फर्मा कागदावरच दुरुस्त करावा. कापड हे दुरुस्तीचे ठिकाण नव्हे. लांबी कमीजास्त करायची ती तळाशी कापून नव्हे, तर फर्म्यावर त्यासाठी आखलेल्या आडव्या रेघेवर कागद दुमडून किंवा पट्टी जोडून करावी, म्हणजे घेराचे प्रमाण बिघडत नाही. यानंतर चौकडीच्या कापडासाठी एक जादा काम उरते, जे साध्या कापडाला लागत नाही: फर्म्याच्या प्रत्येक तुकड्यावर शिवणीची रेघ पेन्सिलीने स्पष्ट काढावी. चौकडी जुळवायची असते ती शिवणीच्या रेघेवर. शिवणीबाहेर सोडलेली माया कापडाच्या आत जाणार असते, तिच्या कडेला चौकडी जुळली काय आणि न जुळली काय, सारखेच. आणि नवशिके नेमके कडेवर कड ठेवून जुळवतात व शिवण उलगडली की रेघा अर्ध्या-पाऊण इंचाने सरकलेल्या पाहून चकित होतात.

कळीदार स्कर्ट घेतला, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा चार किंवा सहा कळ्यांचा, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कापड दुहेरी घडीवर कधीही बेतू नये, कारण खालचा पदर केव्हा सरकला ते वरून कळत नाही. एकेरी पसरून, सुलट बाजू वर ठेवून, एकेक कळी स्वतंत्र कापावी. पहिली कळी कापली की तीच उलटी करून, फर्मा तिला टाचलेला तसाच ठेवून, उरलेल्या कापडावर फिरवत न्यावी. जेथे तिच्या कडेच्या रेघा खालच्या कापडातील रेघांत मिसळून ती जवळजवळ दिसेनाशी होते, ती तिच्या जोडीदाराची जागा. आडव्या रेघा तळापासून वर जुळवत जाव्यात, कारण कमरेजवळ टक आणि वळण यांमुळे रेघा थोड्या हलणारच आणि ते डोळ्याला खुपत नाही. तळाची रेघ मात्र सर्व बाजूंनी अखंड फिरली पाहिजे. सर्वांत गडद आडवा पट्टा नितंबाच्या रुंद भागावर येऊ देऊ नये, आणि समोरची मधली रेघ चौकडीच्या नेमक्या मध्यावर तरी असावी, नाही तर सर्वांत ठळक उभ्या रेघेवर तरी. दोहोंच्या मध्ये कोठेतरी ती पडली म्हणजे सगळा स्कर्ट अंगावर फिरल्यासारखा दिसतो. कमरपट्टीला उरेब कापड लावले तर तिची चौकडी कर्णावर येते आणि जुळणीचा प्रश्नच मिटतो, मात्र ती ताणली जाऊ नये म्हणून आत सरळ धाग्याची कडक पट्टी घालावी लागते.

परंतु चौकडीच्या लोकरी कापडाचे खरे सौंदर्य घड्यांच्या स्कर्टात खुलते, आणि तेथे फर्म्यापेक्षा हिशेबाचे राज्य आहे. एक उदाहरण घेऊन तो तपशिलाने मांडतो. समजा, मोकळीक धरून नितंबाचे माप ३८ इंच आहे, कमरेचे २८ इंच आहे, आणि चौकडीचे एक पूर्ण आवर्तन ४ इंचांचे आहे. घडीचा वर दिसणारा भाग २ इंच आणि आत दडणारा भाग ४ इंच ठेवला, तर एका घडीला ६ इंच कापड खर्ची पडते. आणि आत दडलेला भाग नेमका एका आवर्तनाइतका असल्यामुळे पहिल्या घडीवर जेथे चौकडी तुटली, तेथूनच पुढच्या घडीवर ती सुरू होते. उभे असताना घड्या दिसतच नाहीत, सलग चौकडीचे कापड दिसते; चालू लागताच घड्या उघडून आतील रंग हलू लागतात. याच्या उलट, दिसणारा व दडणारा भाग मिळून एकच आवर्तन ठेवले, म्हणजे या उदाहरणात सव्वा-दीड इंच वर आणि बाकीचे आत, तर प्रत्येक घडीवर तीच एक उभी रेघ पुन्हा पुन्हा येते, आणि उभे असता पट्ट्यांचे कापड व चालता चौकडीचे असा देखावा होतो. स्कॉटिश पलटणींच्या पोशाखात हे दोन्ही प्रकार आढळतात. मला पहिला अधिक आवडतो.

३८ इंचांचा संपूर्ण घेर अशा घड्यांनी भरायचा तर १९ घड्या आणि ११४ इंच कापड लागेल. परंतु समोर ८ इंचांचा भाग सपाट ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे ती पोट आणि खिसा या दोहोंच्या हिताची आहे. मग घड्यांसाठी ३० इंच उरतात. त्यांत १५ घड्या बसतात आणि त्यांना ९० इंच लागतात. सपाट भागाचे ८ मिळवून ९८. बाजारात लोकरी कापडाचा पन्हा बहुधा ५८ इंच असतो. असे दोन पन्हे जोडले आणि दोन शिवणींना एकेक इंच दिला की ११४ इंच हाती राहतात, म्हणजे १६ इंच शिल्लक. ही शिल्लक उधळपट्टी नव्हे. दोन पन्ह्यांच्या जोडावर चौकडीचा क्रम आपोआप जुळत नाही. जोड घडीच्या पोटात, वरून न दिसणाऱ्या मोडीवर आणून त्या एका घडीची खोली इंच-दोन इंच कमीजास्त करावी लागते, आणि डाव्या बाजूला चेन किंवा हूक लावण्यासाठी पदरावर पदर घ्यावा लागतो, तेथे ती खपते.

कंबर नितंबापेक्षा १० इंचांनी लहान आहे. हे १० इंच १५ घड्यांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला दोन तृतीयांश इंच येतो. म्हणजे नितंबाशी २ इंच दिसणारी घडी कमरेशी १⅓ इंच दिसेल असे तिचे वरचे टोक आत सरकवावे. पंधरा वेळा १⅓ म्हणजे २०, अधिक सपाट भागाचे ८, बरोबर २८. उतार दोन्ही बाजूंनी सारखा घ्यावा, म्हणजे उभ्या रेघा कमरेकडे एकत्र येताना डौलदार दिसतात. लांबीचा हिशेब याहून सोपा: तयार लांबी २६ इंच, तळाची दुमड अडीच, कमरेची माया अर्धा, एकूण २९, पण दोन्ही पन्हे चौकडीच्या एकाच रेघेपासून सुरू व्हायला हवेत म्हणून प्रत्येकी ३२ धरावेत, म्हणजे आठ पूर्ण आवर्तने. दोहोंचे ६४, कडा सरळ करण्यासाठी थोडे, तेव्हा दोन वार कापड पुरते. दुकानदार दीड वारात होईल असे म्हणाला तरी ऐकू नये.

कापताना पहिला पन्हा दुसऱ्यावर ठेवून आडव्या रेघा टाचण्यांनी पक्क्या कराव्यात. घड्यांच्या खुणा खडूने नव्हे, कच्च्या दोऱ्याने कराव्यात. लोकरीवर खडू इस्त्रीच्या पहिल्या वाफेत नाहीसा होतो. चौकडीची रेघ हीच मोजपट्टी असल्यामुळे हे काम वाटते तितके कंटाळवाणे नाही. कळीदार स्कर्टाच्या शिवणी जुळवण्यासाठी मात्र एक खास टाका शिकून घ्यावा: एका भागाची माया शिवणीच्या रेघेवर आत दुमडून तो भाग सुलट बाजूने दुसऱ्या भागाच्या शिवणीच्या रेघेवर ठेवावा, रेघेला रेघ भिडवावी, आणि दुमडीच्या आतून सुई नेत वरूनच कच्चे टाके घालावेत, मग भाग उलटे करून त्या कच्च्या टाक्यांवर यंत्राची टीप मारावी. टाचण्यांवर विसंबून कापड थेट यंत्राखाली सरकवले तर दाताळे खालचा पदर पुढे ओढून घेते आणि शिवणीच्या शेवटी चौकडी पाव इंचाने चुकते. यंत्रावर १४ नंबरची सुई, इंचाला दहाच्या आसपास टाके, आणि वरचा ताण किंचित सैल असावा. दोरा रेशमी मिळाल्यास उत्तम. लोकरीबरोबर तोही थोडा ताणला जातो.

घड्या बसवण्याचे काम टेबलावर जाड कांबळे अंथरून करावे. प्रत्येक घडी कमरेपासून तळापर्यंत कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यावी, घडीखाली जाड कागदाच्या पट्ट्या सरकवाव्यात, म्हणजे मोडीचा ठसा वरच्या कापडावर उमटत नाही. मग पिळलेले सुती फडके पसरून इस्त्री उचलून ठेवावी, दाबावी, उचलावी. घासू नये, कारण वाफेबरोबर घर्षण दिले की लोकर आटू लागते, आणि मग जे कापड आपण स्कर्टासाठी आणले ते जागोजाग घोंगडी होऊ पाहते. इस्त्री उचलल्यावर सपाट लाकडी ठोकळा घडीवर दाबून धरावा म्हणजे तो वाफ शोषून घेतो. आणि ती घडी पूर्ण थंड होईपर्यंत स्कर्ट जागचा हलवू नये. या विसाव्याला अधीर माणसे कंटाळतात, पण घडी पक्की होते ती इस्त्रीच्या आचेत नव्हे, त्यानंतरच्या थंड होण्यात, हे वर सांगितलेल्या बंधांच्या पुनर्जुळणीवरून ध्यानात येईल. नितंबापर्यंतचा घड्यांचा भाग आतून हाताने शिवून टाकला तर बसल्याउठल्याने वरची बाजू विस्कटत नाही.

अस्तर घड्यांचे नसावे. कमरेपासून गुडघ्यापर्यंत साध्या घेराचे, चालण्यापुरते दोन्ही बाजूंना फाटा ठेवलेले, तलम सुती किंवा रेशमी असावे, आणि स्कर्टाच्या तळाहून दीड-दोन इंच वर संपावे. मुळशीच्या हवेत मी सुती अस्तराच्या बाजूने आहे. पाणी न शोषणारे कृत्रिम अस्तर दमट दिवसांत अंगाला चिकटते. तळाची दुमड, घड्या बसवण्यापूर्वीच, सैल तुरपाईने घालून घ्यावी. कळीदार स्कर्ट मात्र दुमड घालण्यापूर्वी एक दिवस-रात्र टांगून ठेवावा, कारण त्याच्या कडांना उरेब भाग असतो आणि तो स्वतःच्या भाराने खाली उतरतो.

या तालुक्यात लोकरीचे दोन वैरी आहेत, कसर आणि बुरशी, आणि दोघेही पावसाळ्यात बळावतात. कसरीची अळी स्वच्छ लोकरीपेक्षा घामाचा आणि अन्नाचा अंश राहिलेली लोकर पसंत करते. म्हणून ज्येष्ठ उजाडण्यापूर्वी स्कर्ट कोमट पाण्यात सौम्य साबणाने, न चोळता, घड्या कच्च्या दोऱ्याने बांधून धुवावा, सावलीत वाळवावा, पुन्हा वाफ द्यावी, आणि सुती फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावा. कडुनिंबाची पाने घालायची ती पूर्ण वाळलेली; ओल्या पानांनी बुरशीलाच आमंत्रण मिळते. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी पेटी उघडून कपडे दोन तास झटकून ठेवावेत.

उरलेले तुकडे टाकू नयेत. चौकडीच्या कापडाला पुढे ठिगळ लागले तर तेच आवर्तन बाजारात पुन्हा मिळण्याची आशा जवळजवळ नसते. आणि फर्मा, त्यावरच्या दुरुस्त्यांसह, खाकी लिफाफ्यात घालून त्यावर कोणासाठी बेतला, कोणत्या साली, कंबर, नितंब व लांबी किती, चौकडीचे आवर्तन किती इंच, घड्या किती आणि कापड किती खपले, ही नोंद शाईने करावी. स्कर्टाच्या कमरेशी आणि तळाशी भरपूर माया सोडलेली असेल तर तो पुढे धाकट्या बहिणीसाठी किंवा मुलीसाठी उसवून पुन्हा शिवता येतो, आणि त्या वेळी आकडे नव्याने मांडत बसावे लागत नाहीत.